एकशे बारा व्हॉल्व्हची शेपटं

मी मुळात नीटनेटका माणूस आहे, आणि हा दोष आहे असं मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. बायको सांगायची, पण ते मी धरत नाही. घरात चपला एका रेषेत असाव्यात, फायलीची दोरी फुलाच्या गाठीने बांधलेली असावी आणि नावाच्या जागी नाव असावं, एवढंच माझं म्हणणं असतं. एवढ्या साध्या म्हणण्यापायी एखाद्याचा जीव धोक्यात येईल असं कोणाच्या डोक्यात तरी येईल का? माझ्या आलं नाही.

मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. शहरातल्या मोठ्या लाइनींवर एकशे बारा व्हॉल्व्ह आहेत. रस्त्यात लोखंडी झाकणं दिसतात ना, ज्यांच्यावरून स्कूटर नेली की कंबर ओळख देते, त्यांच्या खाली. या सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवरच्या एका तक्त्यात आहेत आणि तो तक्ता माझ्या ताब्यात आहे. दुरुस्ती निघाली की त्यातूनच फिटर लोकांची चिठ्ठी छापली जाते आणि त्यातूनच नागरिकांच्या मोबाइलवर संदेश जातो की अमुक व्हॉल्व्ह अमुक वेळी बंद राहील.

आता ही नावं कशी होती? 'बाजारामागचा_२६'. 'पोस्टासमोरचा_१९'. 'जुन्या चावडीचा_३१'. प्रत्येक नावाला असं शेपूट. एका नागरिकाने फोन करून मला विचारलं, "चावडीचा एकतिसावा बंद आहे, ते कळलं. बाकीच्या तिसांतून पाणी येईल का?" मी त्याला शांतपणे समजावलं. दुसऱ्याने थेट साहेबांना फोन केला. साहेबांनी मला बोलावून संदेश दाखवला. "हे काय शेपूट लावून ठेवलंय?"

"मी नाही लावलं साहेब, आधीपासून आहे."

"मग काढा की. या आठवड्यात."

तो आकडा कशाचा हे विचारावं असं माझ्या मनात आलं होतं, खोटं का बोलू. पण विचारायचं म्हणजे मागच्या अंगणात जाऊन फिटर लोकांना विचारायचं, आणि त्या फिटर लोकांत माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर तो इथे लागला, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरविषयी त्याने मला विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं अशी आमची रीत आहे. ती मोडायची कशाला? शिवाय मला खात्रीच होती. एकच फाइल दोनदा साठवली की मशीन आपणहून तिच्यामागे आकडा चिकटवतं, तसलाच हा प्रकार. मशीनची घाण. ती साफ करायला परवानगी कसली?

घाई मात्र मी केली नाही, हे लिहून ठेवा. आधी तक्त्याची एक प्रत काढली आणि प्रयोग प्रतीवर केला. मशीनला सांगितलं, प्रत्येक नावाची शेवटची तीन अक्षरं काप. ज्यांचं शेपूट दोन आकडी होतं ती नावं झकास झाली. पण 'बागेजवळचा_९' यातून रेघ गेली, नऊ गेला आणि तिसरं म्हणून 'चा'चा काना गेला. राहिलं 'बागेजवळच'. अशी चौदा नावं लंगडी झाली. मग नवी प्रत काढून सांगितलं, शेवटापासून मागे येत जा, आणि आकडा किंवा रेघ दिसत राहील तोवर खात जा. खात कसलं, ओरबाडत गेलं. 'गल्ली क्रमांक ४_१२' यातला बारा खाल्ला, रेघ खाल्ली आणि गल्लीचा चारही खाल्ला. सहा गल्ल्यांचे सहा व्हॉल्व्ह, सगळ्यांचं नाव नुसतं 'गल्ली क्रमांक'.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर भेटले. हे गृहस्थ जिन्यात उभे राहून सल्ला देतात आणि सल्ला संपेपर्यंत कठडा सोडत नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. शेवटची रेघ शोधायला सांग. रेघ सापडली की ती आणि तिच्यापुढचं सगळं उडव. रेघ नसेल तर हात लावू नको." मान्य करायला जड गेलं, पण तोडगा बिनचूक होता. मग मी दोन पायऱ्या चढल्यावर त्यांनी मागून सांगितलं, "आणि काम झालं की जुनी प्रत ठेवू नकोस. दोन प्रती म्हणजे दोन भानगडी."

सोमवारी मी खऱ्या तक्त्यावर तो हुकूम चालवला. मशीनने सांगितलं, एकशे बारा नावं बदलली. मी एकेक वाचून काढलं. शाळेमागचा. दूध केंद्रासमोरचा. जुन्या छापखान्याचा. धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखी स्वच्छ नावं. बदल कायम करू का, असं मशीनने विचारलं, मी हो म्हणालो. नंतर सगळ्या प्रती पुसल्या. साहेबांना जाऊन सांगितलं. ते फाइलमधून मान वर न करता "बरं" म्हणाले. दोन दिवस मला ते "बरं" लागून राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी प्रसूतिगृहासमोरची मोठी लाइन फुटली. रस्ता खणून झाला, फुटक्या जागी तात्पुरतं लोखंडी कडं आवळून गळती दाबली. अकरा वाजता फुटका तुकडा कापून काढायचा, दुपारी तीनच्या आत नवा बसवायचा, कारण प्रसूतिगृहाच्या टाकीत तीनपर्यंतच पुरेल एवढं पाणी. त्याआधी तीन व्हॉल्व्ह बंद करायचे: शाळेमागचा, दूध केंद्रासमोरचा आणि छापखान्याचा. मी चिठ्ठी छापून दिली. सुंदर दिसत होती. नऊ चाळीसला मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, आज चिठ्ठीवर आकडे आले नाहीत."

"कसले आकडे?"

"फेऱ्यांचे. व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला की पुरता बंद होतो, ते. नावापुढे असतात ना."

मी खुर्चीत होतो, ते बरं होतं. "ते लागतातच का?" मी विचारलं.

"जुने व्हॉल्व्ह आहेत. गंज धरलाय. मध्येच घट्ट लागतात. वाटतं बंद झाला, पण झालेला नसतो. आकडा असला की समजतं."

"आणि आकडा नसला तर?"

"तर खड्ड्यात उतरल्यावर समजतं," असं म्हणून तो हसला.

मी नाही हसलो. खड्डा दीड पुरुष खोल. लाइन माणसाच्या कंबरेएवढी जाड. ती कापायला सगळ्यांत आधी उतरतो तो फिटर, आणि आजचा फिटर हाच. आणि तरी बघा, तोंडातून काय निघालं? "तांत्रिक अद्ययावतीकरण चालू आहे. दहा मिनिटांत पाठवतो." नऊ वर्षांची सवय, दुसरं काय.

धावत दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात गेलो. तिथल्या मॅडमना विचारलं, व्हॉल्व्हच्या तक्त्याची जुनी प्रत आहे का?

"आहे की. रविवारची आहे."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण एकटा तक्ता परत आणता येत नाही. सगळंच रविवारचं होईल. पाच दिवसांतल्या तक्रारी, नव्या जोडण्या, सगळं जाईल. त्याला साहेबांची लेखी मंजुरी लागते."

"मला परत नको आहे. नुसतं बघायचंय. तीन आकडे."

"बघायला दुसऱ्या मशीनवर उतरवावं लागतं. ते मशीन मागितलंय आम्ही. मागच्या वर्षी." मग त्यांना दया आली असावी. "अर्ज भरा. मंजुरी आणलीत तर चार तासांत काहीतरी करते."

अर्जात 'कारण' असा रकाना होता. मी बराच विचार केला आणि 'नीटनेटकेपणा' असं लिहिलं. मॅडमनी तो वाचला. "हे कारण यादीत नाही," त्या म्हणाल्या, "यादीत चोरी, आग आणि वीज आहे."

साहेब मुख्य कार्यालयात बैठकीला गेलेले, फोन बंद. माझ्या हाती तक्ता आल्यापासून हे तिन्ही कधी बंद करावे लागले नव्हते, म्हणून जुनी चिठ्ठी किंवा संदेशही नव्हता. कागदी नोंदवही? ती तीन वर्षांपूर्वी सगळं कॉम्प्युटरवर आल्यावर रद्दीत गेली. कपाटं मीच रिकामी करवली होती. त्या कपाटांसमोर माझा फोटोही काढला होता.

जिन्यात असताना बायकोचा फोन. "अहो, त्याचा डबा मी तुमच्या पिशवीत ठेवलाय. दोनला आला की द्या. आणि त्याला म्हणावं सावकाश जेव, काल पोटात दुखत होतं त्याच्या." मी हो म्हणालो. माझा आवाज असा का येतोय, असं तिने विचारलं. जिना चढतोय म्हणालो. खरं तर मी उतरत होतो.

तेवढ्यात मला चावीकाका आठवले. चावी म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायचा तो माणूसभर उंचीचा लोखंडी दांडा. तो घेऊन त्यांनी चौतीस वर्षं या शहरातला एकूण एक व्हॉल्व्ह फिरवला आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मागच्याच रस्त्याला राहतात. मी पोचलो तेव्हा ते दारात बसून बिघडलेली इस्त्री उघडत होते.

"काका, छापखान्याचा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो?"

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरून हवेत काहीतरी फिरवलं आणि थांबले. "असं तोंडी नाही सांगता येत. चावी हातात लागते."

"पण तुम्हीच आकडे लिहवून घेतले होते ना?"

"तेव्हा एकेक फिरवून मोजले होते. तक्त्यात फेऱ्यांना जागाच नव्हती, म्हणून तुमच्या आधीच्या बाईंनी नावामागे लावले. हुशार होती. ते आहेत की तुमच्याकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आहेत ना?"

"पुसले गेले."

"कोणी पुसले?"

"मी."

त्यांनी स्क्रू एका वाटीत ठेवले, वाटी भिंतीशी सरकवली आणि चपला शोधायला लागले. आतून सून म्हणाली की बाबांचा उजवा खांदा कामातून गेलाय, डॉक्टरांनी पिशवीही उचलू नका असं सांगितलंय. "मी कुठे उचलतोय?" काका म्हणाले. "हे फिरवणार आहेत."

चावी खड्ड्यापाशी होती. तिथे पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. मेहुणा गमबूट चढवत होता. "तुमचं पाठवणं काही होईना, म्हणून घट्ट लागेपर्यंत फिरवून आलो," तो म्हणाला. "तिन्ही बंद केलेत."

"मी परत येईपर्यंत खाली उतरू नकोस."

"का?"

"पुनर्तपासणी आहे. सविस्तर कारण नंतर लेखी देतो."

तो मुकादमाकडे बघायला लागला. मुकादम घड्याळाकडे बघत म्हणाला, "अकरापर्यंत थांबतो. मग मला तीनचं गणित जमत नाही."

शाळेमागचा व्हॉल्व्ह पहिला. मी चावी लावून जोर केला, ती हलली नाही. काकांनी डावा हात दांड्यावर ठेवला, मग कान लावला. "हा झालाय बंद. चला." मला इतका हुरूप आला की दूध केंद्रापर्यंत चावी मीच खांद्यावर वाहिली आणि वाटेत एका सायकलवाल्याला ती जवळजवळ लागली.

दूध केंद्रासमोर काका म्हणाले, "अजून चार आहेत यात." चावी फिरेना. मी लोंबकळलो. तोवर पाच-सहा माणसं जमली. एक शिंपी दुकान सोडून आला होता. "उलटं फिरवताय तुम्ही," तो म्हणाला. किटलीवाला म्हणाला, तेल सोडा. तिसरा म्हणाला की त्याच्या चुलत्याच्या गावात असाच दांडा तुटून एकाच्या हनुवटीवर बसला होता. माझा शर्ट कमरेतून सुटून पाठ उघडी पडली होती आणि मागे कोणीतरी, "कार्यालयातले दिसतात," असं म्हणालेलं मी स्पष्ट ऐकलं. ते चार फेरे मारायला मला सोळा मिनिटं लागली.

छापखान्यापाशी पोचलो तेव्हा अकराला वीस कमी. काकांनी हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा तर बराच उघडा आहे. सात राहिलेत."

"घट्ट लागलाय म्हणतो तो."

"लागणारच. याचा गंज तिथेच अडतो. जोर नका करू, दांडी तुटेल आतली. तुटली तर ना उघडेल ना मिटेल. अर्धा मागे घ्या, एक पुढे. परत अर्धा मागे."

अर्धा मागे, एक पुढे. तळहाताची सालं निघाली. मी मोठ्याने मोजत होतो, शिंपी आमच्या मागे आलाच होता, तोही मोजत होता, आणि पाचव्या फेऱ्याला आमचं दोघांचं जमेना. त्याचे सहा झाले होते. काका म्हणाले, पाचच. सात झाले तेव्हा आत खोल कुठेतरी धप्प असा आवाज आला. मी काकांकडे बघितलं. ते दांड्याला कान लावून कितीतरी वेळ वाकून उभे होते.

"बारीक वाजतंय अजून," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सात असतील, किंवा आठही असतील. दोन वर्षं झाली हो. आणि मला आता पहिल्यासारखं ऐकूही येत नाही." मी आठव्यासाठी चावी धरली तर त्यांनी माझं मनगट पकडलं. "नको. सात असले तर आठव्याला मोडेल."

अकराला पाच कमी होते. मी चावी तिथेच टाकून पळत सुटलो. पळताना मला फार भीती वाटत होती. बायकोला काय सांगू, एवढाच विचार डोक्यात फिरत होता, आणि प्रत्येक वेळी वाक्य 'अगं, नावं फार वाईट दिसत होती' इथपर्यंत येऊन थांबत होतं.

मेहुणा शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. मी त्याचा दंड धरला. मुकादम, वेल्डर, चार मजूर, प्रसूतिगृहाच्या खिडकीतल्या बायका, सगळे बघत होते.

"आकडे मी पुसले," मी म्हणालो. "अद्ययावतीकरण वगैरे काही नव्हतं. मशीनची घाण समजून साफ केले. कोणालाही न विचारता. दोन व्हॉल्व्ह बंद आहेत. तिसरा बंद आहे की नाही, ते मला माहीत नाही."

त्याने पाय शिडीवरून मागे घेतला. मुकादम बोलला, तो शब्द इथे देत नाही.

"लाइन आत्ताच कापायला हवी," मुकादम शेवटी म्हणाला. "आत बायका आहेत. तीन वाजता तिथे पाणी हवं."

"मग मी आधी उतरतो," मी म्हणालो.

"उतरून काय करणार, भाऊजी?" मेहुणा म्हणाला. "तुम्हाला पोहता येत नाही."

मी त्याला बाजूला सारून उतरलो. ऑफिसचे बूट चिखलात घोट्यापर्यंत गेले. वर आकाशाचा चौकोन आणि त्यात सगळ्यांची डोकी. मिनिटभराने तोही उतरला, हातात ड्रिल घेऊन. मला म्हणाला, "आज एकदम कापत नाही. आधी एक भोक पाडतो. लाइनमध्ये उरलेलं पाणी येणारच. ते संपत आलं तर व्हॉल्व्ह बंद आहे. नाही संपलं तर शिडीवर तुम्ही पुढे, मी मागे. थांबायचं नाही, मागे बघायचं नाही."

भोक पडलं आणि धार माझ्या छातीवर बसली. मी मागे भिंतीवर आदळलो. थंड, गढूळ, हाताच्या बोटाएवढी धार. तो माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि आम्ही दोघं नुसते तिच्याकडे बघत राहिलो. ती छातीवरून पट्ट्यावर आली. मला वाटलं, झालं. पट्ट्यावरून गुडघ्यावर आली. आणि गुडघ्यावर थांबली. खड्ड्यातलं पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. वरून मुकादमाने विचारलं, "किती?" मेहुण्याने एक हात शिडीवर ठेवला आणि दुसऱ्याने माझी कॉलर धरली, लहान मुलाची धरतात तशी. मी त्याला बाळ असल्यापासून ओळखतो. लग्नात हा माझ्या मांडीवर झोपला होता.

"तू जा वर," मी म्हणालो.

"गप्प बसा, भाऊजी."

धार गुडघ्यावर किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. मग ती थोडी वाकली. परत सरळ झाली. परत वाकली, आणि बुटावर पडायला लागली. मग पाइपाच्या अंगावरूनच खाली ओघळली. मग थेंब. मेहुण्याने कॉलर सोडली, खिशातून फडकं काढून भोकाची कड पुसली आणि बघत उभा राहिला. नवा थेंब आला नाही.

मी अंगठा पुढे करून त्या भोकावर ठेवला. कोरडं होतं. तो म्हणाला असता तरी माझा विश्वास बसला नसता, स्वतः हात लावून बघायचं होतं. आणि मग मला रडू आलं, उगाच मोठ्याने. रडताना मी त्याला सांगत होतो की तुला पोटात दुखत असेल तर सावकाश जेव, आणि आणखी काय काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्याने मला रडू दिलं. मग घड्याळ बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"भाऊजी, अंगठा काढा आता. तिथूनच कापायचंय मला."